पंधरावं माणूस

शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये शिरलो, चष्म्यावरची वाफ पुसली, आणि पहिल्यांदा दिसलं ते आमच्या घरचं भांडं. काचेचं, लांबट, एका कानाचा टवका उडालेलं. टवका मी उडवला होता, लग्नानंतर चौदाव्या वर्षी, आणि तो अजून माझ्या नावावर आहे. चाळीस वर्षं मी त्या भांड्यातलं खातोय. शाळेच्या फोटोत आपलं पोर ओळखू यावं तसं ते मला जाड कोटांच्या फटीतून, एवढ्या लांबून ओळखू आलं. त्यात खजुराच्या वड्या होत्या. सकाळपासून घरात त्यांचा वास होता आणि त्या आपल्यासाठी आहेत असं मी, कुणी न सांगता, धरून चाललो होतो. ते भांडं गव्हर्नरच्या टेबलावर होतं. आम्ही सिनेटरचे. म्हणजे मी सिनेटरचा. ‘आम्ही’ हा शब्द त्या क्षणापर्यंत मी कधी तपासून बघितला नव्हता.

गव्हर्नरचं नाव सांगत नाही, सिनेटरचंही नाही. सांगून उपयोग नाही. दोघेही अध्यक्षपदाच्या शर्यतीत पुढे हरले, एक फेब्रुवारीत आणि एक मार्चमध्ये, आणि आता त्यांना त्यांच्या गल्लीबाहेर कुणी विचारत नसेल. पण त्या हिवाळ्यात त्यांच्यावरून आमच्या गावात दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. न्हाव्याच्या दुकानात टीव्ही बंद ठेवावा लागत होता. आयोवात राहणाऱ्याला ही दर चार वर्षांनी येणारी साथ अंगवळणी पडलेली असते. देशाचा अध्यक्ष व्हायला निघालेली माणसं आधी आमच्याकडे येतात, आमच्या डुकरांना बरं म्हणतात, आमची कॉफी पितात. आमच्यात विनोद आहे: ठरलं का कुणाला मत देणार? छे, अजून तिघं माझ्या घरी कॉफीला यायचेत. माझ्या घरी कुणीच आलं नव्हतं. सिनेटर धान्याच्या कोठारात आला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होतो. त्याने माझ्या शेजारच्याचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी चार महिने त्याचा झेंडा धरून होतो. माणूस इतक्या थोडक्यातही भागवतो.

जानेवारीतल्या त्या सभेला कॉकस म्हणतात. आमच्या पक्षाच्या कॉकसात पडद्यामागे चिठ्ठी टाकायची सोय नव्हती. ज्याचा जो उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. दंतवैद्याने आपल्या रोग्यांसमोर, सुनेने सासूसमोर. मग डोकी मोजायची. शंभरात पंधरा जमले नाहीत तर तो कोपरा मोडायचा. त्यातल्या लोकांनी अर्ध्या तासात दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, नाहीतर दुसऱ्यांना फोडून आपल्याकडे आणायचं, नाहीतर घरी जाऊन टीव्हीवर आपला निकाल बघायचा. माणसं फोडण्यासाठी टेबलावर खायला ठेवतात. आमच्या टेबलावर आमची म्होरकी लव्हॉन किटलसन हिने दुकानातली बिस्किटं ठेवली होती, प्लास्टिकच्या खोक्यासकट. लव्हॉनने तीस वर्षं शाळेची बस चालवली. आवाजावर सगळं होतं अशी तिची समजूत आहे.

भांड्याच्या मागे मार्लिस उभी होती. माझी बायको. अंगात निळा स्वेटर, जो ती ईस्टरला घालते. आणि तिच्या डाव्या हाताला, जिथे खरं म्हणजे भिंत असायला हवी होती, तिथे डॉक्टर हार्लन ब्रेक्के. मार्लिस दुपारी चारलाच निघून आली होती. कॉफीची भांडी लावायची आहेत म्हणाली. इतक्या थंडीत कशी जाशील, मी विचारलं. कुणीतरी नेईल, ती म्हणाली. हार्लनच्या ट्रकची सीट बटण दाबलं की गरम होते. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण हार्लनने ती सगळ्यांना सांगितली आहे.

हार्लन गुरांचा डॉक्टर होता. आता निवृत्त. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको फिलिस गेली. त्याच्या डोक्यावर केस आहेत, सगळे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो समोरच्याचं नाव घेतो. गाईंशी बोलून लागलेली सवय असावी. माझं आणि मार्लिसचं जमायच्या आधी, जत्रेतल्या नाचाला तिला तो घेऊन गेला होता. दाराशी तिकिटं फाडायला मी होतो. दोन तिकिटं मी माझ्या हाताने फाडून त्याच्या हातात दिली, अर्धे तुकडे स्वतःकडे ठेवले आणि रात्री मोजून जमा केले. ही गोष्ट मी एकेचाळीस वर्षांत एकदाही काढली नाही. इतकी वर्षं न काढलेली गोष्ट विसरली जाते असं लोक म्हणतात. लोणच्याची बरणी न उघडता ठेवली तर काय होतं ते या लोकांना माहीत नसावं.

फिलिस गेली तेव्हा गावाने रिवाजाप्रमाणे हार्लनकडे जेवणाची भांडी पोचवली. मार्लिसने दुधातले बटाटे नेले, वर हॅमचे तुकडे. भांडं आठवड्याने परत आलं ते धुऊन, टोमॅटो घालून. भांडं रिकामं परत करू नये हे बरोबर आहे. पण मग तिने पुन्हा नेलं, आणि या खेपेला त्याने स्वतः भाजलेला मक्याचा पाव घालून पाठवलं. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा दुःखाला दीड वर्ष उलटलं होतं. दीड वर्षाचं दुःख अजून बटाटे खातं का, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही, चहा मागितला. त्या तिसऱ्या खेपेला भांडं परत आलं, मी ते पुसून फळीवर ठेवायला घेतलं आणि पालथं झालं. चर्चच्या जेवणावळीत भांडी हरवू नयेत म्हणून आमच्या बायका बुडाला चिकटपट्टी लावून नाव लिहितात. आमच्या भांड्यावर पहिल्यापासून ‘ट्वेट’ लिहिलेलं. आमचं आडनाव. ती पट्टी आता नव्हती. तिच्या जागी नवी पट्टी, आणि तिच्यावर मोठ्या, सुट्या, ताठ अक्षरांत: ‘मार्लिस’. नुसतंच.

मी छत्तीस वर्षं टपाल वाटलं. गावातलं कुठलंही अक्षर पाकिटावरून ओळखतो हे मी लोकांना सांगत आलोय आणि लोकांनी ते मानलंय, कारण तपासणार कोण. अशी मोठी सुटी अक्षरं डॉक्टर औषधाच्या बाटल्यांवर काढतात. परक्या माणसाने माझ्या भांड्यावरचं माझं नाव खरवडून काढलं होतं आणि खाली माझ्या बायकोचं पहिलं नाव लिहिलं होतं, हाक मारल्यासारखं. मी भांडं फळीवर ठेवलं. पालथं ठेवलं. संध्याकाळी ते सुलटं होतं.

याला जोड म्हणून नोव्हेंबरातली अकरा मिनिटं. मी तळघरात टपालाच्या जुन्या तिकिटांचा पसारा आवरत होतो. तिथे आमचा दुसरा फोन आहे. वर कुणी बोलत असलं की त्यावर लाल दिवा लागतो. दोन वाजून सहा मिनिटांनी दिवा लागला, सतराला विझला. मिनिटं बघायची सवय टपालखात्याची. उचलून ऐकावं असं मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं, पाचव्या मिनिटाला आणि पुन्हा नवव्याला. पण उचललं की खट् असा आवाज होतो. मी त्या दिव्याकडे बघत बसलो. वर गेलो तेव्हा मार्लिस खिडकीशी उभी होती, हात ओट्यावर, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे मी फार दिवसांत तिथे ठेवलं नव्हतं. कुणाचा फोन? चर्चमधून होता, ती म्हणाली. चर्चला एवढं बोलायचं असतं हे मला नवीन होतं.

तर हे सगळं घेऊन मी सिनेटरच्या कोपऱ्यात उभा होतो आणि समोरच्या कोपऱ्यात ती हसत होती. हार्लन काहीतरी म्हणाला होता, बहुधा तिच्या नावासकट. माझ्या मनात गंमत म्हणून एक विचार आला की अध्यक्षपदाची निवडणूक ही फार चांगली सोय आहे. एरवी दुसऱ्याच्या बायकोशेजारी तासभर उभं राहायला कारण काय सांगणार? गंमत फार वेळ टिकली नाही. एकेचाळीस वर्षांत आम्ही कधी वेगळे उभे राहिलो नव्हतो. उन्हाळ्यात चर्चची म्हाताऱ्यांची सहल निघते तेव्हा बसमध्येसुद्धा हजेरीला प्रत्येकाने आपला आकडा ओरडायचा असतो. मार्लिस सतरा म्हणते, मी अठरा म्हणतो. कधी झोप लागली असली तरी तिचा सतरा कानावर पडला की माझ्या तोंडून अठरा निघतो. बस निघते.

सभेचा अध्यक्ष माइलो हाउगेन याने मोजणी केली. हॉलमध्ये अठ्ठ्याण्णव डोकी, म्हणजे पंधरा हवीत. तिसऱ्याच एका उमेदवाराचे एकेचाळीस, गव्हर्नरचे एकतीस, अजून-ठरलं-नाही म्हणणारे बारा, आणि आम्ही चौदा. लव्हॉनने दोनदा मोजायला लावलं. दुसऱ्यांदाही चौदाच. माइलोने शिट्टी वाजवून अर्धा तास दिला. न ठरलेल्या बारांना आधी गाठायचं असा लव्हॉनचा बेत होता, पण ती वळेपर्यंत ते बाराही जण खजुराच्या वड्यांपाशी पोचले होते. नऊ तिथेच राहिले, तीन चघळत तिसरीकडे गेले. आमच्या बिस्किटांचं खोकं कुणी उघडलंही नाही. देशाचं भवितव्य माझ्या बायकोच्या हाताला असलेल्या चवीवर ठरत होतं, आणि ती चव माझ्या विरुद्ध होती.

मग लव्हॉन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. बस वळवताना आरशात बघायची तशी तिने माझ्याकडे बघितलं.

“ऑरिन, एकच माणूस हवंय. तुझी बायको तिकडे उभी आहे.”

“दिसतेय मला.”

“मग बघत काय बसलायस? जा, घेऊन ये. नवरा आहेस ना तिचा?”

“म्हणूनच अवघड आहे,” मी म्हणालो.

हे सगळं लव्हॉनने तिच्या मते हळू आवाजात सांगितलं असावं. म्हणजे बास्केटखालच्या लोकांनाच ऐकू गेलं असेल. मी निघालो. तो हॉल अठ्ठ्याण्णव पावलांचा असेल असं त्या वेळी वाटलं. बुटांवर चढवलेले रबरी बूट लाकडी जमिनीवर चीं चीं करत होते. मधल्या वर्तुळात शाळेचं बोधचिन्ह, बिजू हा प्राणी, रंगवलाय, त्याच्या डोळ्यावर माझा पाय पडला. लोक बोलायचे थांबले नाहीत, पण बोलणं पातळ झालं. माझ्या लक्षात आलं की या गावात बायकोला नाचाला विचारायला मी कधी असा हॉल ओलांडून गेलोच नव्हतो. तेव्हा मी दाराशी होतो, तिकिटं फाडत.

“ये, ऑरिन,” हार्लन म्हणाला. “वडी घे, ऑरिन.”

माझ्या घरची वडी माझ्यापुढे धरून. मी घेतली. चांगली झाली होती, आणि त्याचाच जास्त राग आला. तोंडात वडी असताना माणसाने भांडू नये, पण गिळेपर्यंत थांबलो असतो तर पुन्हा एकेचाळीस वर्षं गेली असती. मी त्याला हळूच विचारलं, पट्टी तू बदललीस ना. कसली पट्टी, तो म्हणाला. भांड्याची. त्याने भांडं वड्यांसकट डोक्यावर उचललं आणि खालून वाचलं, गाईचं पोट तपासावं तसं.

“मार्लिस. बरोबर आहे की, ऑरिन. तिचंच आहे.”

“अक्षर तुझं आहे.”

“मी इतकं स्वच्छ लिहीत असतो तर औषधाच्या दुकानातून मला चाळीस वर्षं फोन आले नसते, ऑरिन.”

“ती पट्टी मी लावलीय,” मार्लिस म्हणाली. तिने आवाज वर केला नव्हता, खालीही केला नव्हता. “चर्चच्या स्वयंपाकघरात ट्वेट नावाची चार भांडी आहेत. तुझ्या दोन बहिणींची, माझं, आणि तुझ्या आईचं. तुझी आई जाऊन नऊ वर्षं झाली, अजून दर जेवणावळीनंतर मी तिचं भांडं घरी घेऊन येते. कंटाळा आला मला.”

अक्षर तिचं होतं. गावातली सगळी अक्षरं ओळखणाऱ्या टपालवाल्याला बायकोचं अक्षर ओळखता आलं नव्हतं. येणार कसं? तिने मला कधी पत्रच पाठवलं नव्हतं. आम्ही एकाच घरात राहत होतो. हार्लन बाजूला होऊन कॉफी ओतायला लागला. तो इतक्या सहज बाजूला झाला की मला वाईट वाटलं. इतके महिने ज्याला मी मनात असा जपला होता त्या माणसाला यातलं काही माहीतच नव्हतं. पण मत्सर एकदा सुरू झाला की माणूस काढून घेतला म्हणून थांबत नाही. तो उभा राहतो, टोपी हातात घेऊन, दुसरं कोण आहे बघत.

“आम्हाला एक माणूस कमी पडतंय,” मी म्हणालो.

“माहीत आहे. मोजता येतं मला.”

“तू आलीस तर पंधरा होतील.”

“हो.”

“मग?”

“मग नाही.”

हे तिने इतकं साधं सांगितलं, दूध संपलंय सांगावं तसं. मी माझा शेवटचा पुरावा काढला. म्हटलं, नोव्हेंबरात, दुपारी दोन वाजून सहा मिनिटांनी, अकरा मिनिटं. चर्च नव्हतं ते. मी मोजत होतो याचं तिला नवल वाटलं असावं, की मी ते आज सांगतोय याचं, कोण जाणे.

“गव्हर्नर होता,” ती म्हणाली.

“स्वतः?”

“स्वतः. मला वाटलं कुणी थट्टा करतंय. त्याने विचारलं, तुम्हाला कसली काळजी आहे? मी म्हटलं, माझी बहीण. तो म्हणाला, सांगा. आणि गप्प बसला.”

“गप्प तर मी एकेचाळीस वर्षं बसलोय.”

“तू न विचारता गप्प बसतोस, ऑरिन.”

आता यात हार्लनचा काही संबंध उरला नव्हता. हार्लनला मारता तरी आलं असतं, निदान त्याच्या ट्रकला ओरखडा तरी काढता आला असता. पण हा कुठल्या दुसऱ्या राज्यातला, बाह्या दुमडलेला माणूस, दिवसाला शंभर फोन करत असेल, त्याला कुणीतरी यादी दिली असेल, आणि त्या यादीतल्या एका अनोळखी नावापुढे तो अकरा मिनिटं गप्प बसला होता. खाली माझ्या डोळ्यांसमोर तो दिवा जळत होता, आणि मी वर बसून ऐकण्याऐवजी त्या दिव्याचा हेवा करत होतो. तिच्या बहिणीचं काय झालंय? आर्डेलची तब्येत बरी नसते एवढं मला माहीत होतं. ‘बरी नसते’ हे शब्द मीच कधीतरी लोकांना सांगायला तयार केले होते आणि मग स्वतःही तेच वापरत होतो. मार्लिस महिन्यातून दोनदा वॉटर्लूला तिच्याकडे जाते, परत येते, मी विचारतो, रस्ता कसा होता.

मी काहीतरी म्हणणार होतो. चांगलं होतं, आता आठवत नाही. तेवढ्यात माइलोची शिट्टी वाजली. अर्धा तास संपला. जो जिथे आहे त्याने तिथेच थांबायचं, आणि मोजणी, एकेकाने आपला आकडा ओरडून, याच कोपऱ्यापासून, टेबलाच्या त्या टोकाकडून. हॉलच्या पलीकडून लव्हॉन दोन्ही हातांनी मला परत बोलवत होती, विमान उतरवावं तशी. माझा आकडा यायच्या आधी मला निसटता आलं असतं. हरलेल्या चौदांबरोबर हरायला कुणाची हरकत नव्हती. आकडे येऊ लागले. दंतवैद्य म्हणाला नऊ. त्याची बायको दहा. माझ्या आणि लव्हॉनच्या मध्ये तो बिजू होता, एका डोळ्यावर माझ्या रबरी बुटाचा ठसा असलेला. कुणीतरी वीस म्हणालं, कुणीतरी एकवीस, बावीस. मार्लिस समोर बघत होती.

“तेवीस,” ती म्हणाली.

“चोवीस,” मी म्हणालो.

तोंडातून गेल्यावर कळलं. बस निघाली होती. माझ्या डाव्या हाताला हार्लन कॉफीचा कप धरून थांबला होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

“पंचवीस,” तो म्हणाला. पहिल्यांदाच कुणाचं नाव न घेता.

हा माणूस माझ्यानंतर उभा आहे आणि तिच्या-माझ्यामध्ये आकडा नाही, याचा मला जो आनंद झाला तो कुठल्याही उमेदवाराच्या विजयाने झाला नसता. फार हलका आनंद होता, मी मान्य करतो. गव्हर्नरचे एकेचाळीस झाले. सिनेटरच्या उरलेल्या तेरांपैकी काही तिसरीकडे गेले, काही घरी. लव्हॉनने बिस्किटांचं न उघडलेलं खोकं काखेत मारलं आणि माझ्या शेजारून जाताना एवढंच म्हणाली की बसमध्ये असतास तर उतरवलं असतं. पुढे ती माझ्याशी लेंटपर्यंत, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांपर्यंत, बोलली नाही.

हार्लन किल्ल्या वाजवत म्हणाला, सोडू का तुला, मार्लिस. ती म्हणाली, ऑरिनची गाडी आहे. गाडी आहे, म्हणाली. मी तेवढंच पदरात घेतलं.

आमच्या गाडीची सीट गरम होत नाही. मार्लिसने रिकामं भांडं मांडीवर घेतलं, दोन्ही हातमोजे त्याच्या कानांवर. काचेवरचा बर्फ खरवडून मी आत बसलो, इंजिन चालू केलं आणि समोरच्या घड्याळात आठ वाजून चौतीस मिनिटं झाली होती. माझ्याकडे तीन वाक्यं तयार होती. एक लव्हॉनबद्दल, एक रस्त्याबद्दल, आणि तिसरं विनोदी.

“आर्डेल कशी आहे?” मी विचारलं.

ती वळून बघायला लागली. आता पुढे बोलायचं नव्हतं. इतकं अवघड काम मी टपालात छत्तीस वर्षांत केलं नव्हतं. दाढांखाली जीभ घट्ट धरून ठेवली. एक मिनिट गेलं, त्यात काहीच नाही, नुसता हीटरचा आवाज. मी गाडी रस्त्यावर काढली. धान्याच्या कोठाराजवळ ती म्हणाली, चमचे लपवते ती. उशीखाली. मी गप्प बसलो. मग म्हणाली, मला ओळखत नाही, आई समजते. गेल्या खेपेला रडत होती, लहानपणी कपाटातली बशी फोडली आणि नाव माझं सांगितलं म्हणून आईची माफी मागत होती. मार मी खाल्ला होता, ऑरिन. बासष्ट वर्षं झाली. मग काय केलंस, असं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, ते मी परत खाली ढकललं. “मी आईच्या आवाजात सांगितलं, माफ केलं,” मार्लिस म्हणाली. “पण माझ्याकडून कोण सांगणार तिला?”

चार मिनिटांत घर आलं. मी अंगणात गाडी उभी केली, दिवे बंद केले, इंजिन चालू ठेवलं. ती बोलत होती. काचा आतून धुरकट झाल्या. आठ पंचेचाळीसला अकरा मिनिटं भरली, आणि ती अजून बोलत होती, काळजीपूर्वक, एकेक गोष्ट उशीखालून काढावी तशी. सेहेचाळीस झाले तेवढं मी बघितलं. मग हातमोजा काढून घड्याळावर ठेवला.